शेवटच्या वक्त्याची पंधरा मिनिटं

पहाटे ४.१५

जळगाव स्टेशनवर जानेवारीची थंडी अंगात शिरते आहे. नागपूरहून येणारी सेवाग्राम एक्स्प्रेस भुसावळहून सुटल्याचं मोबाइलवर दिसतंय, म्हणजे आता फार वेळ नाही. मी फलाटावर नावाची पाटी धरून उभी राहत नाही. पाहुण्यानं बॅगा सांभाळत गर्दीत स्वतःचं नाव शोधावं, हे मला पटत नाही. डब्याचा नंबर आधी विचारून ठेवायचा आणि दाराशी आपण जायचं.

आमच्या शहरात दरवर्षी दोन दिवसांचं विभागीय साहित्य संमेलन भरतं. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. गेली अकरा वर्षं संमेलनातली दोन कामं माझ्याकडे आहेत: पाहुण्या लेखकांची ने-आण आणि दुपारच्या परिसंवादाची वेळ सांभाळणं. पहिलं काम सगळ्यांना दिसतं. दुसरं कोणाच्या फारसं लक्षात येत नाही, पण माझा जीव त्यातच अडकलेला असतो.

गाडी येते. ताई उतरतात. सुती साडीवर मुलाचा असावा असा मोठा स्वेटर, खांद्याला शबनम, हातात कापडी पिशवी. ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात त्या अंगणवाडी चालवतात. झाडीबोलीतल्या कथांचं त्यांचं पहिलं पुस्तक गेल्या वर्षी आलं. काल दुपारी त्या घरून निघाल्या, एसटीनं नागपूर गाठलं, रात्री ही गाडी. सोळा तासांचा प्रवास करून आल्या आहेत, दुपारच्या परिसंवादातल्या पंधरा मिनिटांसाठी. परिसंवादाचा विषय ‘बोलीतलं लेखन’. अहिराणी, लेवा गणबोली, मालवणी, वऱ्हाडी आणि झाडी असे पाच वक्ते. कार्यक्रमपत्रिकेत ताईंचं नाव पाचवं.

रिक्षात मी त्यांना सांगते, “ताई, तुमची गाडी मघाशी भादली नावाच्या स्टेशनवरून आली. बालकवी तिथेच गेले. ५ मे १९१८. रुळांवर अपघात झाला, वय सत्तावीस.”

ताई पदर कानांवर घट्ट ओढतात. थोडं अंतर गेल्यावर म्हणतात, “मला झोप लागली होती. सांगून ठेवलं असतं तर जागी राहिली असती.”

सकाळी ६.३०

विश्रामगृहावर चहा. ताई आंघोळ करून तयार. मी त्यांना झोपा म्हणते, त्या नाही म्हणतात. पिशवीतून भाषणाची पानं काढतात. पाठकोऱ्या कागदावर निळ्या शाईत सहा पानं. काही ओळींखाली लाल रेघ. “पंधरा मिनिटांत बसवलंय. घरी घड्याळ लावून चार वेळा म्हणून पाहिलं. पोरांसमोर.”

त्यांचं हे वाक्य ऐकून मी माझी वही उघडते. दर वर्षीच्या वेळा मी तिच्यात लिहून ठेवते: वक्ता, ठरलेला वेळ, मिळालेला वेळ. गेल्या वर्षीच्या पानावर शेवटची नोंद अशी आहे: पावरी, १० पैकी ४.

धडगावकडच्या सातपुड्यातून आलेला तो तरुण कवी होता. पावरी बोलीत लिहितो. त्याच्या आधीचे सगळे ठरल्यापेक्षा जास्त बोलले. मधे एकदा सत्कार झाले, एकदा वीज गेली. त्याची पाळी आली तेव्हा मंडप रिकामा करायला चार मिनिटं उरली होती. चौथ्या मिनिटाला मी घंटी वाजवली. तो वाक्य अर्ध्यावर सोडून थांबला. नमस्कार केला, हातातली पानं घडी करून खिशात घातली आणि खाली उतरला. घंटी मी वाजवली होती. आधीच्या वक्त्यांच्या वेळी ती माझ्याच हातात होती आणि मी भिडेखातर ती वाजवली नाही. आधी ज्यांच्यासाठी ती वाजायला हवी होती ते मोठे लोक होते. तो लहान होता, म्हणून वाजली.

त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की आहे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मानधनाचं पाकीट, हे सगळं लेखकाला द्यावं. पण बोलायला बोलावलेल्या माणसाला कबूल केलेला वेळ दिला नाही, तर बाकीच्या मानाला काही अर्थ राहत नाही.

या वर्षी मी तीन गोष्टी केल्या. वक्त्यांचे सत्कार मंचावरून काढून सकाळच्या चहाला ठेवले. त्यासाठी समितीच्या बैठकीत दोनदा भांडले. दुसरं, मंचासमोरच्या टेबलावर वक्त्याला दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवायला मंडपवाल्यांना सांगितलं. तिसरं, आठवडाभर आधी पाचही वक्त्यांना फोन करून पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच, हे विनंती करून सांगितलं. नावांचा क्रम मात्र मला बदलता आला नाही. पत्रिका छापून झाली होती.

सकाळी ८.००

ग्रंथदिंडी. शाळकरी मुलं लेझीम घेऊन रांगेत उभी आहेत, मुली नऊवारीत, हातात तुळस. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, भारताचं संविधान आणि बहिणाबाईंची गाणी. खांदा द्यायला लेखक पुढे येतात. आमच्या पाहुण्यांत एक मालवणी कथाकार आहेत, सत्तरी उलटलेले. ते चपला काढून पालखीला लागतात.

बहिणाबाई चौधरींचं पुस्तक पालखीत पाहताना दर वर्षी माझ्या मनात एकच गोष्ट येते. आसोद्यात जन्मलेली, जळगावात नांदलेली ही बाई कधी कोणत्या संमेलनाच्या मंचावर बसली नाही. लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात गाणी सुचत गेली, घरातल्यांनी ती टिपून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, ती गाणी टिपलेली वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या हयात असताना त्यांना कोणी बोलायला बोलावलं असतं, तर किती मिनिटं दिली असती, हा प्रश्न मी स्वतःला विचारत राहते.

दिंडी ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा हलते. मी घड्याळ पाहते आणि वहीत लिहिते: ४५.

सकाळी १०.४५

उद्घाटन. मंचावर खुर्च्यांच्या दोन रांगा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मनोगतं. माझी बसायची जागा मंडपाच्या कडेला, ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाशेजारी. तिथून मंच आणि श्रोते दोन्ही दिसतात.

आपल्या संमेलनांची सुरुवात १८७८ साली पुण्यात झाली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं मराठी ग्रंथकार जमले. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. ज्यांच्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्काचा विचार नाही त्यांच्याशी आमचा मेळ बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हे पत्र मी विद्यार्थ्यांना दर वर्षी वाचायला देते. मंच कोणाचा, हा प्रश्न आपल्या संमेलनांना जन्मापासून चिकटलेला आहे. त्याचं उत्तर ठराव करून मिळत नाही. ते कार्यक्रमपत्रिकेत मिळतं आणि पत्रिकेतल्यापेक्षाही प्रत्यक्ष मिळालेल्या मिनिटांत मिळतं.

त्या प्रश्नाला उत्तर मिळत असतानाचा एक मंडप मी लहानपणी पाहिला आहे. १९८४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जळगावला भरलं, ५८ वं. अध्यक्ष होते ‘तराळ-अंतराळ’चे लेखक शंकरराव खरात. गावकीची तराळकी करणाऱ्या घरातला माणूस त्या खुर्चीवर बसला होता. मी शाळेत होते. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन गेले. भाषणातलं मला काही कळलं नाही. वडिलांनी भाषण संपेपर्यंत उभं राहून ऐकलं, एवढं आठवतं.

दुपारी १२.१५

उद्घाटन अजून चालू. मी ताईंना ग्रंथप्रदर्शनात घेऊन जाते. दालनांच्या चार रांगा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रकाशकांसमोर गर्दी आहे, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसमोर त्याहून जास्त. ताईंचं पुस्तक त्यांच्या भागातल्या एका लहान प्रकाशकानं काढलंय, त्याचं दालन इथे नाही. मी वीस प्रती मागवून घेतल्या होत्या, त्या आमच्या वाचनालयाच्या टेबलावर मांडल्या आहेत.

ताई लांबूनच थबकतात. मग जवळ येऊन वरची प्रत उचलतात, पदरानं पुसतात. धूळ नव्हती. उलटून किंमत पाहतात आणि जागेवर ठेवताना गठ्ठ्याचे कोपरे एका रेषेत आणतात, घरात पापड रचावेत तसे. “माझं पुस्तक मी दुकानात कधी पाहिलं नाही,” त्या म्हणतात. “घरी आलेल्या खोक्यातच पाहिलं.”

टेबलावरची मुलगी, आमच्या एम.ए.ची विद्यार्थिनी, त्यांना विचारते, “ताई, तुम्ही प्रमाण मराठीत का लिहीत नाही?”

“लिहिते ना. अंगणवाडीचे रजिस्टर सगळे प्रमाणातच लिहिते.” त्या हसतात. “गोष्ट आठवते ती मात्र घरातल्या आवाजात. तो आवाज बदलून लिहिला तर गोष्टीतली आजी मला ओळखू येत नाही.”

दुपारी १.३०

जेवण. मंडपामागे पंगती. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, वर कांद्याची पात. हिवाळ्यात खानदेशात आलेल्या पाहुण्याला भरीत खाल्ल्याशिवाय जाऊ देत नाहीत. वाढणारी मुलं कॉलेजची, आग्रह आज्यांसारखा.

लेखकांना जवळून पाहायचं तर पंगतीत पाहावं. मालवणी कथाकार आणि वऱ्हाडी कवी शेजारी बसलेत आणि वांग्याला तुमच्याकडे काय म्हणतात, यावर त्यांचं चाललंय. आमचे परिसंवादाचे अध्यक्ष, भाषाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, जेवता जेवता खिशातली डायरी काढून त्यात शब्द टिपतात. तेलाचं बोट पानाला लागतं. ताई आधी गप्प असतात. मग झाडीपट्टीच्या नाटकांचा विषय निघतो आणि त्या खुलतात. वडसा हे त्या नाटकांचं माहेर. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि नाटक सुरू झालं की पहाटेपर्यंत. बाया पोरांना मांडीवर झोपवून बघतात. “आमच्याकडे रात्रभर ऐकून घेतात, सर,” त्या अध्यक्षांना म्हणतात. “पंधरा मिनिटांत काय सांगायचं, हेच मला महिनाभर कळेना.”

अध्यक्ष भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहतात. मी मनात हिशेब करते. परिसंवाद दोन ते चार. दोन वाजत आलेत आणि मंचावर अजून आभार चालू आहेत.

दुपारी २.४०

परिसंवाद सुरू होतो. चाळीस मिनिटं गेली. उरली ऐंशी. पाच वक्त्यांचा सव्वा तास, अध्यक्षांची वीस मिनिटं, म्हणजे पंच्याण्णव. सूत्रसंचालकाला मी आधीच सांगितलंय, परिचय दोन ओळींत कर, शेर म्हणू नकोस. तो शब्द पाळतो. चार मिनिटांत प्रास्ताविक संपतं.

अहिराणीवर बोलणारे सर अठरा मिनिटं घेतात. समोरच्या घड्याळाकडे दोनदा पाहतात आणि दुसऱ्यांदा स्वतःच आवरतं घेतात. लेवा गणबोलीचे वक्ते बरोबर पंधरा मिनिटांत थांबतात. मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

३.१७ ला मंडपाच्या दाराशी गडबड होते. कोणी मान्यवर येतात. त्यांचा सत्कार आत्ताच व्हावा, असा निरोप मंचावर पोचतो. शाल, पुष्पगुच्छ, फोटो, दोन शब्द. आठ मिनिटं. मी वहीत आकडा लिहिते आणि पेन्सिलीचं टोक मोडतं.

मालवणी कथाकार माइकसमोर येतात. त्यांनी सगळं पाहिलेलं असतं. पंधराची तेरा मिनिटं करून ते थांबतात.

दुपारी ३.३८

वऱ्हाडी कवी बोलायला उभे राहतात. मंडप चारला सोडायचा आहे, सव्वाचारला कथाकथन. मधली पंधरा मिनिटं चहाची. मी चिठ्ठी लिहिते: “सर, २२ मिनिटं उरली. तीन जण बाकी.” आमचा स्वयंसेवक मुलगा वाकून मंचामागून जातो आणि चिठ्ठी अध्यक्षांच्या हातात ठेवतो.

गेल्या वर्षीसुद्धा अशीच चिठ्ठी गेली होती. तेव्हा उत्तर आलं नव्हतं.

अध्यक्ष चष्मा वर करून वाचतात. त्यांच्यासमोर टंकलिखित भाषणाचा जाडसर गठ्ठा आहे. तो उचलून ते शबनममध्ये घालतात आणि माझ्याच चिठ्ठीच्या मागे लिहून परत पाठवतात: “मी दोन मिनिटं. बाकी माझा वेळ ताईंचा.”

तरीही गणित बसत नाही. वऱ्हाडी भाषण पंधरा मिनिटांचं धरलं तर ताईंना पाचच उरतात. मग मी पहिल्या रांगेत जाते. तिथे पुढच्या कार्यक्रमाचे कथाकथनकार बसलेत. त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसून विचारते, “दादा, मधली चहाची सुट्टी काढू का? शेवटच्या वक्त्यांना वेळ मिळेल.” ते मला वाक्य पुरं करू देत नाहीत. “चहाचं काय एवढं? बोलू द्या त्यांना.”

परत जागेवर येताना माझे हात थरथरत असतात. १९०७ साली याच शहरात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे, सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, तिथे कविता म्हणायला उभा राहिला. ‘बालकवी’ हे नाव त्याला त्या संमेलनात मिळालं. वेळ झाली, बस खाली, असं त्या दिवशी कोणी म्हणालं असतं तर? मंचावर वेळ वाटणाऱ्या माणसाच्या हातात काय असतं, ते मला जळगावच्या या एका गोष्टीनं शिकवलं आहे.

दुपारी ३.५३

ताई उभ्या राहतात. माइक त्यांच्या उंचीपेक्षा वर आहे. मुलगा धावत जाऊन खाली करतो. त्या कागद उघडतात, एक ओळ वाचतात आणि कागद मिटून हातात धरतात.

“माझ्या अंगणवाडीत एक चित्रांचा तक्ता आहे,” त्या सांगतात. “त्यावर डोळ्याचं चित्र. मी बोट ठेवते आणि पोरांना विचारते, हे काय? पोरं एका सुरात म्हणतात, डोरा. एकदा तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरांना चुकीचं शिकवू नका. मी हो म्हटलं. पोरं घरी गेल्यावर मी त्या तक्त्यासमोर बसली. आईनं काजळ घातलं ते डोऱ्यात. आजीला मोतीबिंदू झाला तो डोऱ्यात. मग हे पोरगं चुकलं कुठं? त्या रात्री मी पहिली कथा लिहिली.”

मंडपात खुर्च्या सरकवण्याचे आवाज थांबलेले असतात. चहाच्या वासानं उठलेले काही जण दारात उभे राहून ऐकतात. ताई सांगतात की झाडीबोलीत ळ नाही. काळा तिथे कारा होतो, डोळा तिथे डोरा. माणसांत काही कमी आहे म्हणून हा आवाज हरवलेला नाही. पिढ्यानपिढ्या त्यांची जीभ तशीच वळत आली आहे.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत एक आजी उठून उभ्या राहतात. लुगडं, हातात काठी. काही तरी बोलतात, ऐकू येत नाही. स्वयंसेवक त्यांना बसा म्हणून खुणावतो. मी ध्वनिव्यवस्थेच्या टेबलावरचा बिनवायरचा माइक उचलते आणि चालत जाऊन त्यांच्या तोंडाशी धरते.

“आमी डोया म्हनतो, माय,” आजी ताईंना सांगतात. “आसोद्याची हाय मी. आमच्यातबी तो आवाज नाही.”

मंचावर ताई दोन्ही हात जोडतात. “तुमचा डोया, आमचा डोरा.”

आजी म्हणतात, “पाह्यनं तेच ना, बाई.”

टाळ्या वाजतात. अहिराणीचे सर, लेवा गणबोलीचे वक्ते, वऱ्हाडी कवी, तिघंही मंचावरून आजींकडे पाहून मान डोलावतात, कारण डोया त्यांच्याकडेही आहे. खानदेश आणि वऱ्हाडात ळ चा य होतो, पूर्वेला झाडीत गेलं की र. अर्ध्या महाराष्ट्राचा नकाशा एका शब्दात मांडला जातो आणि तो मांडणाऱ्या दोघी शेजारणींसारख्या बोलत असतात. ताई पुढे बोलतात. घड्याळ त्यांच्या समोर असतं. घंटी माझ्यासमोर असते. मी ती उचलून टेबलाखाली ठेवते.

४.१२ ला त्या थांबतात. अध्यक्ष उठतात आणि खरोखर दोनच मिनिटं बोलतात. झाडीबोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचं नाव घेतात. मग आसोद्याच्या आजींना म्हणतात, “बाई, आज तुम्ही परिसंवादात बोललात. तुमचं नाव अहवालात गेलं पाहिजे.” आणि खाली बसतात. सव्वाचारला कथाकथन सुरू होतं.

संध्याकाळी ५.१५

वाचनालयाच्या टेबलासमोर रांग आहे. लहानच, पण रांग. ताई प्रत्येकाला नाव विचारतात, मग गाव विचारतात आणि सहीखाली दोन्ही लिहितात. अक्षर गोल, शाळेतल्या फळ्यावर काढावं तसं. वीसपैकी सतरा प्रती जातात.

आजी नातीचा हात धरून येतात. पुस्तक हातात घेतात, उलटंसुलटं करून पाहतात. “मले वाचता येत नाही,” त्या ताईंना सांगतात. “ही वाचून दाखवंन.” ताई सही करण्याआधी नातीला पहिल्या कथेचा पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावतात. मुलगी सातवी-आठवीतली. झाडीतल्या शब्दांना अडखळते, मग लय सापडते. आजी मधे मधे थांबवून अर्थ विचारतात, ताई सांगतात, कधी आजीच आधी ओळखतात. मागची रांग खोळंबलेली असते. कोणी घाई करत नाही.

मी हे आयुष्यभर विसरणार नाही. लेखकाला बोलवायचं कशासाठी, असं कोणी मला विचारलं तर मी या टेबलाकडे बोट दाखवीन.

रात्री ८.३०

कविसंमेलन रंगात आलंय. मी कार्यालयात हिशेबाला बसले आहे. प्रवासखर्चाची व्हाउचरं, मानधनाची पाकिटं, पावत्यांवर चिकटवायची महसुली तिकिटं. ताई एसटीचं तिकीट आणि रेल्वेचं आरक्षण जपून काढून देतात. नागपुरात रिक्षाला दिलेले पैसे लिहा म्हटलं तर नको म्हणतात. मी लिहायला लावते. लेखकानं स्वतःच्या खिशातून खर्च करून यावं आणि त्याला आपण साहित्यसेवा म्हणावं, ही सवय मोडायला हवी.

पाकीट देताना मी पावतीवर सही घेते. त्या सही करतात आणि पावती परत वाचतात. “व्याख्यानाबद्दल,” त्या शब्दावर बोट ठेवतात. “हे पहिल्यांदाच.”

रात्री १०.००

पुन्हा स्टेशन. नागपूरकडे जाणारी सेवाग्राम थोडी उशिरानं आहे. ताईंच्या पिशवीत भरिताचा डबा, केळीचे वेफर्स आणि उरलेल्या तीन प्रतींऐवजी प्रदर्शनातून घेतलेली चार पुस्तकं. बहिणाबाईंची गाणी सगळ्यात वर.

“मॅडम, मी किती बोलली?” त्या विचारतात.

“एकोणीस मिनिटं.”

“जास्त झालं.”

“नाही, ताई.”

गाडी येते. त्या खिडकीशी बसतात. गाडी हलायच्या आधी काचेबाहेर हात काढून विचारतात, “भादली आता येईल ना? या वेळी मी जागी राहीन.”

रात्री ११.१५

घरी. पाय दुखताहेत. वही उघडते. अहिराणी, १५ पैकी १८. लेवा, १५ पैकी १५. मालवणी, १५ पैकी १३. वऱ्हाडी, १५ पैकी १५. अध्यक्ष, २० पैकी २. मग शेवटची ओळ: झाडी, १५ पैकी १९. त्याखाली आणखी एक ओळ घालते, जी पत्रिकेत नव्हती: लेवा, आसोद्याच्या आजी, १ मिनिट.

मागचं पान उलटते. पावरी, १० पैकी ४. स्टेशनला निघण्याआधी कार्यालयातून मी त्या मुलाला फोन केला होता. वर्षभर करीन करीन म्हणत राहिले, धीर होत नव्हता. मी माझी चूक सांगितली. पुढच्या वर्षी ये म्हटलं, परिसंवादात पहिला वक्ता म्हणून, आणि पत्रिका छापायच्या आधी नाव देते म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “मॅडम, त्या दिवशीची राहिलेली पानं मी फाडली नाहीत. ठेवली आहेत.”

वहीत पुढच्या वर्षीचं कोरं पान काढते. तारीख अजून ठरायची आहे. पहिल्या ओळीत लिहिते: पावरी, १५ मिनिटं.